पृथ्वीच्या पोटातील प्रतिध्वनी आणि त्यांचे खरे ठिकाण

जमिनीखाली काय आहे हे जाणावयाचे तर जमीन खणावी लागते, ही समजूत फार जुनी आहे व ती चुकीचीही नाही. अडचण एवढीच की खणणे अतिशय महाग असते. तेलासाठी समुद्रतळाखाली दोन-तीन किलोमीटर विहीर घ्यावयाची म्हणजे कोट्यवधी रुपये एका बिंदूवर पणास लावणे होय. तो बिंदू पाचशे मीटरांनी चुकला तरी हाती कोरडी विहीर येते. म्हणून खणण्यापूर्वी शास्त्रज्ञ पृथ्वीला हाक मारून पाहतात, व तिच्या पोटातून येणाऱ्या प्रतिध्वनीवरून आतील थरांचे चित्र काढतात. हे चित्र प्रथम जसे हाती येते तसे ते खरे नसते. ते खरे कसे करून घ्यावयाचे, हा या लेखाचा विषय आहे.

प्रतिध्वनीवरून खडकांचे थर शोधण्याचे पहिले प्रयोग १९२१ साली अमेरिकेतील ओक्लाहोमा राज्यात जे. सी. कार्चर व त्यांचे सहकारी यांनी केले. पद्धत मुळात सोपी आहे. जमिनीत लहानसा स्फोट करावयाचा, किंवा जड वाहनाला जोडलेल्या पट्टीने जमीन थरथरवावयाची. समुद्रात असेल तर दाबलेली हवा एकदम पाण्यात सोडावयाची. यातून निघालेले तरंग खाली जातात. जेथे एक खडक संपून निराळ्या गुणांचा खडक लागतो तेथे त्यांचा काही अंश परावर्तित होऊन वर येतो. पृष्ठभागावर ओळीने मांडलेले जिओफोन, म्हणजे जमिनीचा कंप टिपणारी लहान उपकरणे, तो नोंदतात. एका उपकरणाच्या एका वेळच्या नोंदीस ‘ट्रेस’ असे म्हणतात. अशा हजारो उभ्या ट्रेस शेजारीशेजारी मांडल्या की थरांसारख्या दिसणाऱ्या काळ्या-पांढऱ्या पट्ट्यांचे एक चित्र उमटते.

या चित्राची आडवी बाजू अंतराची असते, उभी बाजू मात्र खोलीची नसून काळाची असते. तरंगास खाली जाऊन वर येण्यास एक सेकंद लागला व त्याचा वेग सेकंदास २,००० मीटर असला, तर परावर्तन करणारा थर १,००० मीटरांवर आहे. हा हिशेब शाळेतील मुलासही करता येईल. परंतु तो थर आडवा असेल तरच हा हिशेब खरा.

आता असे समजा की थर आडवा नाही, तो क्षितिजाशी ३० अंशांचा कोन करून उजवीकडे खाली उतरत आहे. आपण एका जागी उभे राहून हाक दिली. थेट आपल्याकडे परत येणारा प्रतिध्वनी आपल्या पायांखालच्या बिंदूपासून येत नाही. आपल्यापासून थरावर टाकलेला लंब थरास जेथे मिळतो तेथून तो येतो. या लंबाची लांबी १,००० मीटर असेल, तर तो बिंदू आपल्या डावीकडे ५०० मीटरांवर आणि ८६६ मीटर खोल असतो. आपले यंत्र मात्र डावे-उजवे जाणत नाही. त्यास केवळ काळ कळतो. म्हणून ते तो बिंदू आपल्या अगदी खाली १,००० मीटरांवर मांडून मोकळे होते. त्यावर विश्वासून तेथेच विहीर खणली, तर थर सुमारे १,१५५ मीटरांवर लागेल, आणि ज्या भागाचा प्रतिध्वनी ऐकला तो भाग विहिरीस कधीच लागणार नाही. चित्रातील उतारही ३० अंशांऐवजी सुमारे २६.६ अंशांचा दिसेल. प्रत्येक उतरता थर चित्रात आपल्या जागेवरून उताराच्या दिशेने घसरलेला आणि प्रत्यक्षाहून सौम्य भासतो, तो यामुळेच.

खोलगट थरांच्या बाबतीत तर याहून चमत्कारिक प्रकार घडतो. भूपृष्ठावरील एकाच जागी खोलगटाच्या दोन्ही कडांकडून व तळाकडून असे तीन प्रतिध्वनी येऊ शकतात, आणि साध्या वाटीच्या जागी चित्रात फुलपाखरी गाठीसारखी आकृती दिसते. थर एकाएकी तुटला असेल, तर तुटलेल्या टोकापासून तरंग सर्व दिशांस फाकतात आणि एका बिंदूच्या जागी छत्रीसारखा खाली वळलेला वक्र उमटतो. भूमितीत त्यास अपास्त म्हणतात.

या पसरलेल्या, घसरलेल्या खुणा उचलून आपापल्या खऱ्या जागी नेऊन ठेवण्याच्या क्रियेस इंग्रजीत ‘मायग्रेशन’ म्हणजे स्थलांतरण म्हणतात. नाव अगदी योग्य आहे असे म्हणवत नाही, कारण खडक कोठेही जात नाहीत. जागा बदलते ती त्यांच्या प्रतिमेची. संगणक येण्यापूर्वी हे काम हातांनी होत असे. डच भूभौतिकज्ञ हागेडोर्न यांनी १९५४ साली असे वक्र काढून ते नोंदीवर सरकवीत थरांची खरी ठिकाणे शोधण्याची रीत मांडली. त्यामागील विचार कंपासाने समजतो. एका ट्रेसवर एक सेकंदास ठळक खूण दिसली, तर ती खूण ज्या बिंदूमुळे उमटली तो बिंदू त्या जागेपासून १,००० मीटरांवर कोठेही असू शकेल, म्हणजे एका अर्धवर्तुळावर असेल. प्रत्येक ट्रेसवरील प्रत्येक खुणेसाठी असे अर्धवर्तुळ काढत गेल्यास ज्या रेषेवर पुष्कळ अर्धवर्तुळे एकमेकांस स्पर्श करतात, ती थराची खरी रेषा होय. इतर ठिकाणी ती परस्परांना पुसून टाकतात.

१९७० नंतरच्या दशकात स्टॅनफर्ड विद्यापीठातील जॉन क्लेअरबाउट यांनी तरंगसमीकरणच संगणकावर उलटे चालविण्याची दिशा दाखविली: पृष्ठभागावर नोंदलेला तरंग पुन्हा खाली उतरवीत न्यावयाचा, आणि तो जेथून निघाला तेथे पोहोचल्यावर थांबावयाचे. १९७८ साली स्टोल्ट यांनी फूरिये रूपांतराचा उपयोग करून हे काम फार जलद केले. मात्र त्यांची रीत तरंगाचा वेग सर्वत्र सारखा धरून चालते. पृथ्वी एवढी सरळ नाही, आणि काळाच्या चित्रावर समाधान मानणाऱ्यांची फसगत येथेच होते.

तिचे एक उदाहरण अमेरिकेच्या दक्षिणेस असलेल्या मेक्सिकोच्या आखातात आढळते. तेथे गाळाच्या थरांत मिठाचे प्रचंड गोळे वर चढलेले आहेत. मिठातून तरंग सेकंदास सुमारे ४,५०० मीटर वेगाने जातो. भोवतालच्या गाळातील वेग ३,००० मीटर धरू, आणि मिठाची जाडी ९०० मीटर. मिठातून जाऊन येण्यास तरंगास ०.४ सेकंद लागतो. तेवढ्याच जाडीच्या गाळातून ०.६ सेकंद. तेव्हा मिठाखालचा अगदी सपाट थर काळाच्या चित्रात ०.२ सेकंद आधी, म्हणजे गाळाच्या वेगाने मोजल्यास ३०० मीटर वर उचललेला दिसेल. तेल शोधणारा तर नेमका असा कमानीसारखा उंचवटाच शोधत असतो, कारण तेल व वायू वर चढून कमानीच्या माथ्याशी अडकून राहतात. येथे कमान नाहीच. मिठाने घाई केली एवढेच. हा भ्रम दूर करावयाचा तर तरंग कोठे किती वेगाने गेला याचा नकाशा हाताशी धरून, काळाचे नव्हे तर मीटरांतील खोलीचे चित्र काढावे लागते. यालाच खोली-स्थलांतरण म्हणतात.

हे काम करणाऱ्या आज्ञावली बहुधा मोठ्या कंपन्यांच्या मालकीच्या व फार महाग असतात. त्यात एक सुखद अपवाद आहे. स्टॅनफर्ड येथे १९७० नंतरच्या दशकाच्या अखेरीस आयनार क्यार्तान्सन या विद्यार्थ्याने आरंभिलेले काम पुढे शुकी रोनेन यांनी कोलोरॅडो राज्यातील गोल्डन येथील खाणविद्येच्या विद्यापीठात नेले. तेथे जॅक कोहेन व त्यानंतर जॉन स्टॉकवेल यांच्या हातून ‘सायस्मिक युनिक्स’ हा संच तयार झाला. १९९२ पासून तो मूळ मजकुरासह कोणासही विनामूल्य मिळत आला आहे.

या संचात चित्रे व बटणे यांचा डामडौल नाही. काळ्या पडद्यावर आज्ञेचे नाव टंकावयाचे, तिला लागणाऱ्या संख्या पुढे लिहावयाच्या, आणि कळ दाबावयाची. एकेक आज्ञा एकेकच काम करते: एक ट्रेस क्रमाने लावते, दुसरी क्षीण खुणा ठळक करते, तिसरी वेग अजमावते. यांची नावे बहुधा ‘सु’ने सुरू होतात. दोन आज्ञांच्या मध्ये एक उभी रेघ घातली की पहिलीचे फळ दुसरीच्या पदरात पडते. ही उभ्या रेघेची सोय १९७३ साली बेल प्रयोगशाळेत युनिक्स प्रणालीत आली. दळण, चाळण, मळण यांची रांग लावावी तसे दहा आज्ञांचे काम एका ओळीत होते. ती ओळ कागदावर उतरवून ठेवता येते, हा तिचा मोठा गुण. काय केले व कोणत्या क्रमाने केले हे दुसऱ्यास तपासता येते. बटणे दाबून केलेल्या कामाची अशी साक्ष सहसा उरत नाही.

ज्याच्यापाशी नोंदी नाहीत त्यालाही या संचावर पहिला प्रयोग करता येतो. ‘सुस्पाइक’ ही आज्ञा कोऱ्या ट्रेसांच्या रांगेत चारपर्यंत ठिपके टाकते. एकच ठिपका मागावा, मध्ये ट्रेसांस क्रमांक देणारी आज्ञा घालावी, आणि ते फळ स्टोल्ट यांच्या नावाच्या ‘सुस्टोल्ट’ला द्यावे. एका ठिपक्याच्या जागी वाटीसारखी कमान उमटलेली दिसते. तेच ते कंपासाचे अर्धवर्तुळ. येथे दोन ट्रेसांमधील अंतर मात्र अचूक सांगावे लागते. ते चुकले तर वेग चुकल्याइतकाच घोटाळा होतो.

खऱ्या नोंदींचे काम अधिक लांबते. क्षेत्रावरून येणाऱ्या नोंदी १९७५ साली ठरलेल्या एका प्रमाण पद्धतीने साठवलेल्या असतात. त्या संचाच्या रूपात आणावयाच्या, प्रत्येक ट्रेसवर तिचा उगम व तिचे जिओफोन कोठे होते हे तपासावयाचे, गोंगाट गाळावयाचा. नंतर वेगाचा नकाशा. तो हाती आल्यावर ‘रेटी२डी’ ही आज्ञा त्या नकाशातून किरण सोडून पृष्ठभागावरील प्रत्येक जागेपासून भूगर्भातील प्रत्येक बिंदूपर्यंत किती काळ लागेल याची कोष्टके करते. ती कोष्टके घेऊन ‘सुकेडीमिग२डी’ चित्र रचते. भूगर्भातील एक बिंदू घ्यावा. उगमापासून तेथे व तेथून जिओफोनापर्यंतचा काळ कोष्टकातून काढावा. त्या ट्रेसवर त्या क्षणी जे मूल्य असेल ते उचलून बेरजेत टाकावे. बिंदूवर खरोखर थर असेल तर सर्व ट्रेसांची साक्ष जुळते व बेरीज मोठी होते. नसेल तर धन व ऋण मूल्ये एकमेकांस खाऊन टाकतात. दहा लक्ष बिंदूंचे चित्र आणि पन्नास हजार ट्रेस एवढ्यासाठी या बेरजा पाच हजार कोटी होतात. आजच्या साध्या संगणकास हे काम झेपते. सर्व बाजूंनी मोजलेल्या घनाकृती क्षेत्रास मात्र मोठे संगणकगृह लागते.

वेगाचा नकाशा कोठून येतो, हा प्रश्न चाणाक्ष वाचकाच्या मनात आला असेल. कोणत्या खडकातून तरंग किती वेगाने गेला हे कळावयास खडक कोठे आहेत ते ठाऊक हवे, आणि खडक कोठे आहेत हे कळण्यासाठी वेग ठाऊक हवा. या चक्रातून एकदम सुटका नाही. प्रथम एक अंदाज करावयाचा, चित्र काढावयाचे, आणि चित्रालाच विचारावयाचे. वेग कमी धरला असेल तर तुटलेल्या टोकांचे वक्र छत्रीसारखे खाली वळलेले राहतात. अधिक धरला असेल तर ते वाटीसारखे वर वळतात. शिवाय एकच बिंदू जवळच्या व दूरच्या जिओफोनांनी निरनिराळ्या खोलीवर दाखविला तर नकाशा चुकला हे निश्चित समजावे. मग नकाशा सुधारून तीच आज्ञा पुन्हा चालवावयाची. असे फेरे अनेकदा घ्यावे लागतात, आणि खरे कौशल्य आज्ञा टंकण्यात नसून या फेऱ्यांत असते.

आपल्या देशात हा प्रश्न दख्खनच्या काळ्या पाषाणापाशी विशेष कठीण होतो. सौराष्ट्रात ज्वालामुखीच्या बेसाल्टाखाली त्याहून प्राचीन असे गाळाचे थर आहेत. बेसाल्टात तरंगाचा वेग सेकंदास पाच हजार मीटर किंवा त्याहूनही अधिक असतो, आणि एकावर एक साचलेल्या लाव्हाच्या प्रवाहांत तो सारखा बदलतो. पुष्कळशी ऊर्जा वरच्या पृष्ठावरूनच परत फिरते, उरलेली आत विखुरते. खालून येते ती केवळ कुजबुज. अशा ठिकाणी संशोधक जिओफोनांची ओळ पुष्कळ लांबवितात, म्हणजे बेसाल्टातून तिरपे वाकून आलेले तरंगही पकडता येतात. त्यांच्या आगमनकाळावरून बेसाल्टाचा वेग ठरवून मगच खालच्या थरांचे खोली-स्थलांतरण करतात.