जुनी मोटार घेताना : कार्ब्युरेटर की इंजेक्शन?

भाजीपाला, दूध व माणसे यांची ने-आण करण्यासाठी जुनी पेट्रोल मोटार विकत घेऊ इच्छिणारे शेतकरी खेडोपाडी बरेच आढळतात. अशी गाडी पाहताना टायर, रंग व किंमत यांची चौकशी होते. परंतु इंजिनास पेट्रोल कोणत्या पद्धतीने पुरविले जाते, हे क्वचितच विचारले जाते. गाडी बंद पडल्यास ती गावात दुरुस्त होईल की तालुक्याला ओढून न्यावी लागेल, हे पुष्कळ अंशी ह्याच गोष्टीवर अवलंबून असते.

नव्या मोटारीच्या बाबतीत हा प्रश्न उरलेला नाही. २००० सालाच्या सुमारास धुरासंबंधीचे नियम कडक होत गेले, तसा मोटारींतील कार्ब्युरेटर मागे पडला. त्या काळातील मारुती ८०० ह्या गाडीत मात्र दोन्ही पद्धती आढळतात. म्हणून जुन्या बाजारात निवड अजूनही करावी लागते.

फवारणीच्या पेट्रोल पंपामुळे कार्ब्युरेटर शेतकऱ्यांच्या परिचयाचा आहे. इंजिन हवा ओढते, ती हवा अरुंद गळ्यातून वेगाने जाते, तेथे तिचा दाब कमी होतो आणि जेटच्या बारीक छिद्रातून पेट्रोल आपोआप ओढले जाते. लहानशा कपातील तरंगा पेट्रोलची पातळी कायम राखतो. रचना साधी असल्यामुळे कसबी मिस्त्री ती झाडाखाली बसूनही उघडू शकतो. कचरा अडकल्यास जेट हवेने फुंकून साफ करावे. तारेने टोचू नये, कारण छिद्र किंचित जरी मोठे झाले तरी गाडी कायमची जास्त पेट्रोल पिऊ लागते.

कार्ब्युरेटरचा खरा दोष असा की, त्याला डोळे नाहीत. जेटचे माप एकदा ठरले की ठरले. वाईहून पसरणीचा घाट चढून गाडी महाबळेश्वरला, म्हणजे १,३०० मीटरांहून अधिक उंचीवर गेली की तेथील विरळ हवेला तेच पेट्रोल जास्त होते व प्लग काळे पडू लागतात. थंडीच्या सकाळी चोक ओढावाच लागतो.

ह्यात आता इथेनॉलची भर पडली आहे. २० टक्के इथेनॉल मिसळलेल्या पेट्रोलची विक्री २०२३ साली सुरू झाली व २०२५ पर्यंत ती देशभर पसरली. उसापासून इथेनॉल तयार होत असल्यामुळे महाराष्ट्रातील ऊस बागायतदारांचा ह्यात थेट संबंध आहे. तथापि त्यांच्याच दारातील जुन्या गाडीला ते सोसेलच असे नाही. नुसत्या पेट्रोलच्या एका भागास वजनाने सुमारे १४.७ भाग हवा लागते, तर ह्या मिश्रणास सुमारे १३.५ भाग पुरते. अर्थात तितक्याच हवेला इंधन अधिक हवे असते. कार्ब्युरेटर ते आपण होऊन वाढवू शकत नाही. त्यामुळे मिश्रण पातळ होते, सकाळी इंजिन लवकर लागत नाही व चढावर झटके देते. शिवाय इथेनॉल जुन्या धाटणीच्या रबरी नळ्या व वॉशर कमकुवत करते आणि हवेतील ओलावा शोषते. ओलावा फार झाला की पाणी व इथेनॉल टाकीच्या तळाशी वेगळे बसते. म्हणून गाडी किंवा फवारणी पंप महिनोन्‌महिने उभा ठेवावयाचा असल्यास कार्ब्युरेटरचा कप रिकामा करावा.

इंजेक्शनच्या गाडीत टाकीतील विजेचा पंप पेट्रोल दाबाने पुढे पाठवितो. हा दाब सामान्यतः दर चौरस सेंटिमीटरला ३ किलोग्रॅमच्या आसपास असतो. हवा, उष्णता व धुरातील प्राणवायू मोजणारे सेन्सर बातमी देतात आणि नियंत्रक इंजेक्टर किती क्षण उघडा ठेवावयाचा ते ठरवितो. घाट असो वा इथेनॉल, काही मर्यादेपर्यंत तो स्वतःच मेळ घालतो. मात्र जुन्या इंजेक्शन गाडीचे रबरही जुनेच असते, हे विसरू नये.

ह्या पद्धतीचे शत्रू निराळे आहेत : मंद बॅटरी, घाणेरडे पेट्रोल आणि उंदीर. उंदराने एक वायर कुरतडली तरी गाडी जागची हलत नाही. टाकीतील पेट्रोल पंपाला थंड ठेवते, म्हणून टाकी नेहमी तळाला लागू देऊ नये. नळीत दाब साठलेला असल्यामुळे गरम इंजिनावर ती उघडणे धोक्याचे असते.

तालुक्याच्या ठिकाणी स्कॅनर लावून दोष पाहणारा मेकॅनिक असेल, तर रोजच्या वापरासाठी इंजेक्शनचीच गाडी घ्यावी. घरात कार्ब्युरेटरची गाडी असून मिस्त्री भरवशाचा असेल, तर नळ्या बदलून ती वापरण्यास हरकत नाही. पण तिलाच इंजेक्शन बसविण्याच्या भरीस पडू नये. पंप, सेन्सर व वायरिंग यांचा खर्च गाडीच्या किमतीपुढे जातो. १५ वर्षांनंतर नोंदणीचे नूतनीकरण तपासणीनंतरच होते, हेही किंमत ठरविताना ध्यानात ठेवावे.

कार्ब्युरेटरची गाडी सकाळी, इंजिन पूर्ण थंड असताना पाहावी. इंजेक्शनच्या गाडीत चावी फिरविताच इंजिनाचा इशारा-दिवा लागला पाहिजे व इंजिन सुरू झाल्यावर विझला पाहिजे. तो मुळीच लागत नसेल, तर दोष लपविण्यासाठी दिवाच काढून टाकला असल्याचा संशय घ्यावा.