रोजचा १५ मिनिटांचा उशीर, वर्षाला १२ दिवसांचं नुकसान: प्राथमिक शाळेतल्या हजेरीचं गणित काय आहे?

हिंगोली जिल्ह्यातल्या औंढा नागनाथ तालुक्यातलं सिद्धेश्वर हे गाव पूर्णा नदीवरच्या धरणामुळे ओळखलं जातं. कालव्याच्या पाण्यावर या पट्ट्यात ऊस आणि हळद पिकते. दसरा-दिवाळीच्या सुमारास सोयाबीनची काढणी असते, तर फेब्रुवारी-मार्चमध्ये हळदीची काढणी आणि शिजवणी. आई-वडील पहाटेच शेतात जातात आणि धाकट्याला सांभाळायला थोरली बहीण घरी थांबते. ‘एका दिवसानं काय बिघडतं?’ असं म्हणत शाळा बुडते.

खरंच काय बिघडतं?

शिक्षण हक्क कायद्यानुसार पहिली ते पाचवीसाठी वर्षाला किमान २०० दिवस आणि ८०० तास शिकवणं बंधनकारक आहे. म्हणजे दिवसाला सरासरी ४ तास.

मूल आठवड्यातून एक दिवस गैरहजर राहिलं, तर वर्षभरात साधारण ३५ ते ४० दिवस जातात. रोज फक्त १५ मिनिटं उशीर झाला, तर २०० दिवसांत ५० तास बुडतात. ५० तास म्हणजे शाळेचे साडेबारा दिवस!

पहिली-दुसरीत हे जास्त महागात पडतं. हातच्याची बेरीज ज्या दिवशी शिकवली त्या दिवशी मूल नसेल, तर पुढची वजाबाकीही अडते. मग वर्गात काही कळत नाही, आणि कळत नाही म्हणून शाळा नकोशी होते.

उशिरा आलं तर शिक्षा करावी का?

नाही. कायद्याच्या कलम १७ नुसार शारीरिक शिक्षा आणि मानसिक छळ दोन्हींवर बंदी आहे. शिवाय परिपाठ संपेपर्यंत बाहेर उभं राहावं लागणार असेल, तर मूल दुसऱ्या दिवशी उशिरा येण्यापेक्षा घरीच थांबतं.

लहान मुलांची झोप पूर्ण व्हावी म्हणून राज्य सरकारनं फेब्रुवारी २०२४ मध्ये चौथीपर्यंतचे वर्ग सकाळी ९ किंवा त्यानंतर भरवण्याचा निर्णय घेतला.

दंड की प्रोत्साहन?

राजर्षी शाहू महाराजांनी १९१७ मध्ये कोल्हापूर संस्थानात प्राथमिक शिक्षण मोफत आणि सक्तीचं केलं. मुलांना शाळेत न पाठवणाऱ्या पालकांना महिन्याला एक रुपया दंड होता.

पुढे १९९२ मध्ये महाराष्ट्रात उलट वाट धरली गेली. दारिद्र्यरेषेखालच्या अनुसूचित जाती-जमाती आणि भटक्या-विमुक्त कुटुंबांतल्या पहिली ते चौथीच्या मुलींना हजेरीच्या प्रत्येक दिवसामागे एक रुपया उपस्थिती भत्ता सुरू झाला. तीस वर्षं उलटली तरी तो रुपयाच राहिला. शाहूंच्या काळात एक रुपया पालकांना जड होता. आज एका रुपयात शाळेजवळच्या दुकानात एखादं चॉकलेट येतं. घरी थांबलेल्या मुलीमुळे आईची दिवसाची मजुरी वाचत असेल, तर हा भत्ता तिला शाळेत कसा आणणार?

त्यापेक्षा शाळेत मिळणारं गरम जेवण जास्त उपयोगी पडतं. सर्वोच्च न्यायालयानं २००१ मध्ये शिजवलेलं अन्न देण्याचा आदेश दिल्यानंतर ते देशभर सुरू झालं.

ऊसतोडीला जावं लागलं तर?

दिवाळीनंतर कोयता घेऊन निघणाऱ्या कुटुंबांच्या मुलांसाठी काही गावांत हंगामी वसतिगृहं चालतात. मुलाला सोबत न्यावं लागलं, तर निघण्याआधी शाळेतून ‘शिक्षण हमी कार्ड’ घ्यावं. ते दाखवून मुक्कामाच्या गावातल्या शाळेत बसता येतं. दाखल्याला उशीर झाला म्हणून सरकारी शाळा प्रवेश नाकारू शकत नाही.

घरी आणि शाळेत काय करता येईल?

- दप्तर आणि गणवेश रात्रीच तयार ठेवा. झोपायची वेळ ठरवा.
- मूल वारंवार ‘पोट दुखतंय’ म्हणत असेल, तर आधी दुखणं तपासा. मग वर्गात कुणाची भीती आहे का, हेही विचारा.
- काढणीच्या दिवसांत शेजारच्या दोन-तीन घरांनी मिळून लहानग्यांना सांभाळायची पाळी लावली, तर थोरल्या मुलीची शाळा वाचते. तीन वर्षांपुढच्या मुलांसाठी अंगणवाडी आहेच.
- शिक्षकांनी गैरहजेरीच्या त्याच दिवशी घरी फोन करावा. पालकांना भेटून हजेरीबद्दल सांगणं हे कायद्यानं शिक्षकांचं कर्तव्य आहे.
- आजारी मुलाला ‘शंभर टक्के हजेरी’च्या बक्षिसासाठी शाळेत पाठवू नका.

शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश सदस्य पालक असतात. हळद काढणीच्या तोंडावर समितीची बैठक घेऊन कुणाची मुलं घरी राहण्याची शक्यता आहे, याची यादी केली, तरी बरेच दिवस वाचतील.