मालवणची पुळण कुणी राखली?

मालवणच्या पर्यटनाची गोष्ट सहसा सिंधुदुर्ग किल्ल्यापासून सुरू होते आणि स्कूबा डायव्हिंगवर येऊन थांबते. १६६४ साली कुरटे बेटावर शिवाजी महाराजांनी किल्ल्याचं काम सुरू केलं, १९९७ मध्ये सिंधुदुर्ग पर्यटन जिल्हा म्हणून जाहीर झाला, त्याच सुमारास कोकण रेल्वे कुडाळ-कणकवलीवरून धावू लागली आणि मच्छीमारांचं गाव पर्यटकांचं झालं, असा हा सरळसोट इतिहास. त्यात मासेमारी करणारा गाबीत समाज फक्त चित्रातल्या होडीपुरता येतो. खरं तर पर्यटकांना दाखवण्याजोगं जे उरलं होतं, त्यातलं बरंचसं त्याच्या धंद्यानेच राखलं होतं.

रापणीची मासेमारी घ्या. होडीतून जाळं अर्धगोल सोडत नेतात, दोन्ही टोकांचे दोर किनाऱ्यावर येतात आणि दोन बाजूंची माणसं ओढत ओढत एकमेकांजवळ सरकतात. मिळालेल्या मासळीचे वाटे पडतात. या कामाला लांबच लांब, मोकळी पुळण लागते. मधे भिंत किंवा टपरी चालत नाही. दांडी, तारकर्ली, देवबागची पुळण ही कामाची जागा होती, म्हणून ती कुणा एकाच्या कुंपणात गेली नाही. जाहिराती तिला ‘अस्पर्श’ म्हणतात, हे जरा गमतीचंच. किल्ल्याकडे नेणारी होडी, पाण्याखालचे खडक ओळखणारा माणूस, तिरफळं घातलेलं बांगड्याचं तिखलं, हेही गाबितांच्याच घरांतून आलं.

मासळीच मिळत नसेल तर तरुणांनी जाळं ओढत का बसावं, असं कुणी विचारेल. प्रश्न रास्त आहे. पण मासळी आपोआप आटलेली नाही. ट्रॉलर, पर्ससीन जाळी आणि एलईडी दिव्यांची मासेमारी यांविरुद्ध इथले पारंपरिक मच्छीमार वर्षानुवर्षं भांडताहेत. सागरी मासेमारीचा १९८१ चा कायदा आणि २०१६ चे पर्ससीनवरचे निर्बंध असूनही. शिवाय जून-जुलैत यांत्रिक नौकांची मासेमारी बंद असते, तेव्हा किल्ल्याची होडीही बंदच असते. जाळं विकून पर्यटनावर विसंबलेल्या घराची पावसाळ्याची चिंता त्यामुळे मिटत नाही. १९८७ मध्ये जाहीर झालेल्या मालवणच्या सागरी अभयारण्याला मच्छीमारांनी विरोध केला, मग ते राखणदार कसले, असाही आक्षेप येतो. तो विरोध प्रवाळ जपण्याला नव्हता, आपल्याच पाण्यात आपल्याला मज्जाव होईल या भीतीपोटी होता. म्हणून आता जलक्रीडांचे परवाने देताना किनाऱ्याचा कुठला पट्टा कधी मोकळा हवा, हे आधी रापणकरांना विचारावं आणि त्यांचं उत्तर पर्यटन आराखड्यात लेखी यावं.