रिटायर होऊन कशेडी घाटाखालच्या गावी परतायचंय? मग कौलांच्या आधी पायऱ्यांचा हिशोब करा

कोकणातल्या चाकरमान्याचा रिटायरमेंट प्लॅन बहुतेक वेळा ठरलेला असतो. नोकरी संपली, फंडाचे पैसे हातात आले, की गावचं घर दुरुस्त करायचं, मागे परसबाग लावायची, संध्याकाळी देवळात भजनाला बसायचं आणि मुंबईला फक्त नातवंडांच्या वाढदिवसाला जायचं. महाड-पोलादपूर पट्ट्यात, म्हणजे कशेडी घाटाच्या पायथ्याच्या गावांत, असे परतलेले काका-मामा प्रत्येक वाडीत भेटतात.

प्लॅन वाईट नाही. पण त्यात एक गडबड आहे. हे घर साधारण अठ्ठावन्न-साठ वर्षांच्या, अजून धडधाकट असलेल्या माणसाने स्वतःच्या त्या दिवशीच्या ताकदीवर बांधलेलं असतं. त्यात राहणारा माणूस मात्र पुढे सत्तरीचा, मग ऐंशीचा होणार असतो. दुरुस्तीची कामं, छंद आणि तब्येत हे आपण तीन वेगळे विषय समजतो, पण घाटाखालच्या गावात ते एकच होऊन जातात. कसे, ते बघू.

आधी हा भाग समजून घ्या

कोकण म्हटलं की डोळ्यांसमोर समुद्र आणि नारळ येतात. महाड-पोलादपूर तसं नाही. रायगड जिल्ह्याचा हा आतला भाग. एका बाजूला महाबळेश्वरचा डोंगर, मधून सावित्री नदी आणि दक्षिणेला कशेडी घाट, जो ओलांडला की रत्नागिरी जिल्ह्यातला खेड तालुका लागतो. वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो. बऱ्याच वाड्या उतारावर, त्यामुळे घरातून रस्त्यावर यायचं तर आधी पायऱ्या किंवा पाखाडी उतरायची.

इथला तरुण पिढ्यान्‌पिढ्या मुंबईला गेला. गिरणगावात, गोदीत, नंतर महापालिकेत, बेस्टमध्ये, खासगी कंपन्यांत. गावकीची खोली, त्यात आळीपाळीने झोपणारे गाववाले आणि गावच्या कामासाठी वर्गणी काढणारं ‘मुंबई मंडळ’ ही व्यवस्था त्यातूनच आली. आधीच्या पिढीतले अनेकजण तर रिटायर होऊन आलेच नाहीत. १८ जानेवारी १९८२ ला गिरणी संप सुरू झाला, गिरण्या पुन्हा नीट चालल्याच नाहीत आणि माणसं चाळिशीतच गावी परतली. आताची पिढी तुलनेने नशीबवान. ती वयोमानाप्रमाणे निवृत्त होऊन येते, पेन्शन घेऊन.

पेन्शन म्हणजे नक्की किती, हेही बघा. खासगी कंपनीतल्या कामगाराला ‘ईपीएस-९५’ची पेन्शन मिळते. सूत्र सोपं आहे : पेन्शनपात्र पगार गुणिले नोकरीची वर्षं, भागिले ७०. पण सप्टेंबर २०१४ पासून पगाराची मर्यादा १५ हजार आहे. म्हणजे कुणाची ३५ वर्षं पूर्ण धरली तरी आकडा ७,५०० रुपयांवर थांबतो. २०१४ च्या आधीच्या वर्षांना त्याहून कमी मर्यादा लागते, त्यामुळे हातात येते ती रक्कम बऱ्याचदा याच्या खाली असते. किमान पेन्शन आहे १,००० रुपये. या पैशांत सुतार-गवंडी लावणं परवडत नाही. मग काका स्वतःच शिडी लावतात. खरी गोष्ट इथून सुरू होते.

मे महिना आणि शिडी

पावसाच्या आधी शाकारणी करायची, फुटलेली कौलं बदलायची, वाळवी लागलेला वासा काढायचा, पन्हळ साफ करायची. यात कष्ट आहेत, पण मजाही आहे. ज्याने तीस वर्षं लोकलला लटकून नोकरी केली त्याला स्वतःच्या घराचं छप्पर स्वतः चढवण्यात काय वाटतं, हे त्याच्या बोलण्यातून कळतं. त्यात माकडांनी उच्छाद मांडलेला. एक टोळी कौलांवरून उड्या मारत गेली की महिन्याचं काम मातीत. म्हणून अनेकांनी कौलं काढून पत्रे टाकले. घर तापतं, पावसात शेजारच्याचं बोलणं ऐकू येत नाही, पण माकडाने फुटत नाही.

अडचण अशी की साठीनंतर तोल सांभाळायची क्षमता हळूहळू कमी होते आणि ते स्वतःला कळत नाही. रक्तदाबाच्या काही गोळ्यांनी उठताना चक्कर येते. मोतीबिंदू असेल तर पायरीची कड दिसत नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार जगात दरवर्षी ६ लाख ८४ हजार माणसं पडून मरतात आणि जीव जाण्याचं प्रमाण सर्वाधिक साठीच्या पुढच्यांत आहे. सिमेंटचा जुना पत्रा तर विश्वासघातकी. वरून धड दिसतो, मधोमध पाय पडला की थेट खाली. छपरावर दुसऱ्याला चढवा, मजुरी द्या, स्वतः खाली उभं राहून सूचना करा. त्यातही आनंद असतो, हे आपल्या घरातल्या मोठ्या माणसांकडे बघून पटेल.

पण छपरापेक्षा जास्त वेळा माणूस पडतो तो अंगणात. जुलैत चिऱ्यांवर आणि पाखाडीवर हिरवं शेवाळ धरतं. मधुमेह असेल आणि तळपायाची जाणीव कमी झाली असेल तर घसरत असल्याचं कळायलाही उशीर होतो. खुब्याचं हाड मोडलं तर ऑपरेशन शक्य तितक्या लवकर, एक-दोन दिवसांत व्हावं असा डॉक्टरांचा आग्रह असतो. कारण म्हातारा माणूस अंथरुणाला खिळला की न्यूमोनिया, जखमा आणि रक्ताच्या गुठळ्या मागे लागतात.

म्हणून फंडाच्या पैशातून पहिला खर्च कशावर करायचा, तर पायऱ्यांना लोखंडी कठडा. मग घराला लागून, आतून जाता येईल असं संडास-बाथरूम, त्यात कमोड आणि भिंतीला धरायला दांडी. रात्री पडवीत दोन्ही टोकांना लाइटचं बटण. शेवाळासाठी ब्लीचिंग पावडर आणि कडक खराटा, दर पंधरा दिवसांनी. हे सगळं दर्शनी भागाच्या ग्रॅनाइटपेक्षा स्वस्त पडतं. पाहुण्यांना दिसत नाही, एवढाच त्याचा दोष.

एक कागदाचं कामही आधीच उरका. वडिलोपार्जित घर बहुतेक वेळा सामायिक असतं. ग्रामपंचायतीच्या नमुना ८ वर नाव आजोबांचं आणि पैसे घालणार तुम्ही. भावांची संमती लेखी घेतलेली बरी. नाहीतर रक्तदाब कशाने वाढला हे डॉक्टरला सांगणं अवघड होतं.

लाकडाचा ढीग आणि महाडचे डॉक्टर

घराची साफसफाई, गडग्याची डागडुजी, लाकडं रचणं ही निवृत्त माणसाची आवडती कामं. आणि विंचवाला राहायला नेमक्या याच जागा आवडतात : दगडांच्या फटी, कौलांच्या खाली, लाकडाचा ढीग.

कोकणातला लाल विंचू जीवघेणा होता. ‘होता’ म्हणता येतं त्याचं मोठं श्रेय याच तालुक्याला जातं. डॉ. हिंमतराव बावस्कर १९७६ मध्ये महाडजवळच्या बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात रुजू झाले. विंचू चावलेले धडधाकट लोक त्यांच्या डोळ्यांसमोर दगावत होते. दरदरून घाम, उलट्या, गार पडलेले हातपाय आणि शेवटी फुप्फुसात पाणी. विषामुळे शरीरात संप्रेरकांचा लोंढा येतो, रक्तवाहिन्या आकसतात आणि हृदय दमून निकामी होऊ लागतं, हे त्यांनी रुग्णाशेजारी बसून नोंदवलं. मग रक्तदाबासाठी वापरलं जाणारं प्राझोसिन हे औषध त्यावर वापरलं. मृत्यूचं प्रमाण झपाट्याने खाली आलं आणि ‘लॅन्सेट’सारख्या जगप्रसिद्ध नियतकालिकाने त्यांचं काम छापलं. २०२२ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली.

आता एक सूचना. प्राझोसिन रक्तदाबासाठी किंवा प्रोस्टेटसाठी काहींच्या घरात असू शकतं. ते मनाने घ्यायचं नाही, रक्तदाब एकदम कोसळू शकतो. दंश झाला की वेळ बघायची आणि दवाखाना गाठायचा. साप चावला तरी तेच. इथे नाग, मण्यार, घोणस आणि दगडाखाली दडणारं इवलंसं फुरसं, चारही आहेत आणि आपल्याकडची प्रतिविषाची लस या चारांसाठीच बनते. करकचून दोरी बांधणं, चीर देणं यात हात-पाय गमावण्याची भीती जास्त. अवयव हलू न देता निघायचं. आणि परसात जाताना रबरी बूट घालायचे. काकांना ते शोभत नाहीत, चालेल.

बूट आणखी एका कारणाने हवेत. पावसाळ्यात चिखलातून लेप्टोस्पायरोसिस पसरतो. पायाला भेग किंवा जखम असेल तर उंदराच्या मुताने दूषित झालेल्या पाण्यातून जंतू आत जातो. शेतात उतरल्यानंतर ताप आणि पोटऱ्यांत कळा आल्या तर ‘भिजल्यामुळे असेल’ म्हणून काढा पीत बसू नये.

दवाखाना किती लांब?

हा प्रश्न किलोमीटरमध्ये विचारून उपयोग नाही. वाडीपासून रस्त्यापर्यंत किती वेळ, गाडी मिळेपर्यंत किती आणि मग पुढे किती, असे तीन तुकडे करा. पोलादपूरला ग्रामीण रुग्णालय आहे, पुढे महाड. १०८ ची रुग्णवाहिका २०१४ पासून आहे, पण ती पाखाडी चढत नाही. फाट्यावर कुणीतरी उभं राहावं लागतं, आणि घाटाच्या कुशीत मोबाइलला रेंज कुठे येते हे आधी माहीत असावं लागतं.

कशेडीच्या बोगद्याने यात एक बदल केला. सुमारे दोन किलोमीटरच्या या बोगद्याची एक मार्गिका २०२३ च्या गणेशोत्सवाआधी हलक्या वाहनांसाठी उघडली. ज्या वळणांना पाऊण तास लागायचा ते अंतर दहा मिनिटांवर आलं. बातम्या झाल्या त्या गणपतीला येणाऱ्या गाड्यांच्या. पण पोलादपूरकरासाठी खेड, चिपळूण आणि सावर्ड्याजवळचं डेरवणचं वालावलकर रुग्णालय जवळ आलं, हे मला जास्त महत्त्वाचं वाटतं. पूर्वी पावसात भोगाव हद्दीत रस्ता खचला की तिकडचा विचारच सोडावा लागे. उलट बाजूही आहे. जुन्या घाटरस्त्यावरच्या वाड्यांना येता-जाता गाडी मिळायची ती रहदारी बोगद्यात गेली. तुमचं घर नेमकं कोणत्या रस्त्यावर आहे, हे म्हणून बघायचं.

खर्चाचं थोडक्यात. १५ ऑगस्ट २०२३ पासून राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत उपचार मोफत आहेत. रक्तदाब-मधुमेहाच्या नेहमीच्या गोळ्या तिथे मिळतात. सत्तरी ओलांडली असेल तर उत्पन्न कितीही असो, आयुष्मान भारतचं ‘वय वंदना’ कार्ड काढता येतं. २९ ऑक्टोबर २०२४ ला सुरू झालेल्या या योजनेत वर्षाला ५ लाखांपर्यंतचं संरक्षण आहे. मात्र ते भरती होऊन घेतलेल्या उपचारांसाठी, रोजच्या गोळ्यांसाठी नाही. कार्ड आजारपणाआधी काढा आणि यादीतलं जवळचं रुग्णालय कोणतं ते तेव्हाच विचारून ठेवा. एसटीला ६५ ते ७५ वयात अर्धं तिकीट, ७५ नंतर फुकट. पेन्शनसाठी हयातीचा दाखला आता मोबाइलवर चेहरा दाखवूनही देता येतो. त्यासाठी नातवाला सुट्टीत कामाला लावावं.

डोंगर कापायचा नाही

दुरुस्तीतलं सर्वांत धोकादायक काम सर्वांत साधं वाटतं. मागचा परस लहान पडतो, म्हणून जेसीबी बोलावून डोंगराची कड थोडी कापायची, गाडी लावायला जागा करायची. २२ जुलै २०२१ ला महाड तालुक्यातलं तळिये दरडीखाली गेलं. त्याच दिवशी पोलादपुरात केवनाळे आणि साखर सुतारवाडीतही दरडी कोसळल्या. महाबळेश्वरला तेव्हा चोवीस तासांत जवळपास ६०० मिलिमीटर पाऊस झाला होता. त्या दरडी कुणाच्या परसामुळे आल्या असं नाही. पण इतक्या पावसात उताराचा पायथा कापला की वरच्या मातीचा आधार जातो, हे कळायला भूगर्भशास्त्र लागत नाही. जमिनीला नवी भेग, कललेली झाडं, अचानक गढूळ झालेला झरा ही लक्षणं दिसली तर घर सोडायचं आणि तहसील कार्यालयाला कळवायचं.

मग काका दिवसभर करतात काय?

पहाटे चहा, अंगण झाडणं, तोंडलीचा मांडव, अळूला पाणी, माकडांवर दगड. दुपारी पेपर आणि झोप. संध्याकाळी भजनी मंडळ, नाहीतर ग्रामपंचायतीच्या कट्ट्यावर सगळ्या जगाचा निकाल. शिमग्याला पालखीची गडबड, गणपतीला मखर. ज्याला असं काही आहे तो टिकतो, असं गावातले लोक सांगतात. ज्याचं सगळं आयुष्य ऑफिसात गेलं त्याला पहिला पावसाळा खायला उठतो. वाडीतली निम्मी घरं कुलूपबंद, दिवसातून चारदा वीज जाते, आणि बोलायला माणूस नसतो. मुंबईचं घर लगेच विकू किंवा भाड्याने देऊ नये, आधी एक अख्खा पावसाळा गावी राहून बघावा, असं मला म्हणूनच वाटतं.

आणि एक गोष्ट या सगळ्या प्लॅनमध्ये कुणी लिहीत नाही. काका रिटायर होतात, काकी होत नाहीत. मुंबईत नळाला पाणी आणि गॅस होता. गावी विहीर, चूल, आल्या-गेल्याचा चहा आणि देवकार्याला पन्नास माणसांचं जेवण. गुडघे त्यांचेही साठीचेच. घर दुरुस्तीच्या यादीत पाण्याची टाकी, पंप आणि उभ्याचा ओटा कितव्या नंबरवर आहे, ते एकदा बघा.

जूनच्या पहिल्या आठवड्यात करायची कामं तशी थोडीच. दोन महिन्यांच्या गोळ्या घरात आणून ठेवणं, बॅटरी चार्ज करणं, डोळे तपासून घेणं. आणि १०८ सोबत वाडीतल्या रिक्षावाल्याचा नंबर भिंतीवर कोळशाने मोठ्या अक्षरात लिहून ठेवणं, कारण तो शोधायची वेळ येते तेव्हा चष्मा सापडत नाही.