चारची पाळी आणि कलम ७३

पहाटे सव्वातीन

गाळप हंगामात पहिल्या पाळीचा आठवडा आला की सव्वातीनला उठण्याला पर्याय नसतो. चारच्या ठोक्याला कारखान्याच्या लॅबमध्ये हजेरी. काकड आरतीला अजून अवकाश असतो, नदीवरून धुकं घाटाच्या पायऱ्यांपर्यंत आलेलं असतं आणि नृसिंहवाडीच्या पेठेत पेढ्यांच्या दुकानांच्या फळ्या लावलेल्या असतात. आई चहा देते आणि विचारते, "आज कुठलं कीर्तन?" कीर्तन म्हणजे मी कानात लावतो ती कायद्याची व्याख्यानं. गाडीवर मात्र ती ऐकत नाही. पोलिसांचं भय नाही, उसाच्या ट्रॉल्यांचं आहे. मागचा दिवा नसलेली भरलेली ट्रॉली अंधारात दहा फुटांवर आल्याशिवाय दिसत नाही, आणि शिरोळ तालुक्याच्या रस्त्यांवर हंगामात त्या रांगेनं असतात.

चार ते आठ

मी बी.एस्सी. रसायनशास्त्र. तालुक्यातल्या एका साखर कारखान्यात केमिस्ट आहे. दर तासाला मिलवरून रसाचे नमुने येतात. पहिल्या मिलचा तो प्राथमिक रस. पुढं पाणी मिसळून निघतो तो मिश्र रस. उंच नळकांड्यात रस ओतायचा, फेस बसू द्यायचा आणि ब्रिक्सचा हायड्रोमीटर हळूच सोडायचा. ब्रिक्स म्हणजे रसात विरघळलेलं सगळं. त्यातली साखर किती, हे पोल सांगतो. त्यासाठी रसात लेड सबॲसिटेट घालून तो गाळायचा, निवळ द्राव नळीत भरायचा आणि पोलरीमीटरमध्ये बघायचं. नळीत बुडबुडा राहिला की वाचन वाया. मग बगॅसमध्ये किती साखर गेली, प्रेसमडमध्ये किती, मळीत किती, ते सगळं रजिस्टरला.

कायदा शिकायला लागलो तसं हे रजिस्टर मला वेगळं दिसायला लागलं. उसाची एफआरपी, म्हणजे रास्त आणि किफायतशीर दर, २०२५-२६ च्या हंगामासाठी १०.२५ टक्के उताऱ्याला टनाला ३,५५० रुपये आहे. त्यावरच्या प्रत्येक ०.१ टक्क्याला टनामागं ३४ रुपये ६० पैसे वाढतात. एक लाख टनाला हा दशांशाचा फरक ३४ लाख ६० हजारांवर जातो. उतारा म्हणजे शेवटी गाळलेल्या उसातून पोत्यात आलेली साखर; पण ती का आली, का नाही आली, याचा ताळा आमच्या आकड्यांवर बसतो. बी-हेवी मळी इथेनॉलकडं वळवली तर पोत्यातली साखर कमी भरते, ती कागदावर परत मिळवून धरावी लागते. आणि हे मोजणार कोण? ज्यानं पैसे द्यायचे, त्याचीच लॅब. मी काही चुकीचं लिहितो असं नाही. पण विक्रेत्याचा माल खरेदीदाराच्या तराजूवर आणि खरेदीदाराच्या नळीत मोजला जातो, हे मी इतकी वर्षं नोकरी करून पाहिलं नव्हतं. कायद्याच्या अभ्यासक्रमातल्या प्रबंधाचा विषय तिथंच सापडला.

आठ वाजता

कॅन्टीन. मिसळ, पाव, आणि मिल फिटर असलेले आमचे दादा. त्यांना मी काल रात्री वाचलेला खटला सांगितला. १८५४ चा, इंग्लंडमधला, हॅडली विरुद्ध बॅक्सेंडेल. ग्लॉस्टरमधल्या पिठाच्या गिरणीचा क्रँकशाफ्ट तुटला. नवा बनवायला नमुना म्हणून तो ग्रिनिचला पाठवायचा होता. वाहतूकदारानं पोचवायला उशीर केला, गिरणी तेवढे दिवस जादा बंद राहिली. मालकानं बुडालेला नफा मागितला.

दादांनी पाव खाली ठेवला. "स्पेअर शाफ्ट नव्हता व्हय त्यांच्याकडं?"

नेमका हाच मुद्दा. न्यायालय म्हणालं, गिरण्यांकडं जादा शाफ्ट असू शकतो. हा शाफ्ट नसला तर गिरणी ठप्प होईल हे वाहतूकदाराला कसं कळणार? त्याला ते सांगितलं असतं तर गोष्ट निराळी. आपल्या १८७२ च्या करार कायद्यातलं कलम ७३ याच विचारावर उभं आहे, आणि त्याखालच्या उदाहरणांत एक थेट आमचं आहे: बंद पडलेल्या गिरणीसाठी यंत्र पाठवलं, गिरणी बंद आहे हे वाहतूकदाराला सांगितलं, तरी त्यानं अकारण उशीर केला. तर गिरणी चालून मिळाला असता तो सरासरी नफा मिळेल. पण त्या काळात हातचं गेलेलं सरकारी कंत्राट मिळणार नाही, कारण ते त्याला सांगितलेलंच नव्हतं.

दादा विचारात पडले. गेल्या हंगामात बेअरिंग उशिरा आल्यानं मिल थांबली होती आणि स्टॉपेज रजिस्टरला त्यांची सही आहे. "मग ऑर्डरच्या मेलमध्येच लिहायचं की, मिल बंद हाय, लगेच पाठवा." मी म्हटलं, लिहायचं, आणि तासाला किती टन गाळप बुडतंय तेही लिहायचं. वकिलाला दीड तास लागला असता असलं शहाणपण या माणसाला एका पावात आलं. यंत्र थांबलं की किती थांबतं, हे त्याला आतून माहीत आहे. मला वाटतं, कायदा शिकायला आधी दुसरं काही तरी शिकून येण्याचा हाच फायदा.

दुपारी बारा ते चार

पाळी सुटते. घर, आंघोळ, जेवण, झोप. गुरुवार असेल तर झोपेचं खोबरं, कारण दत्तदर्शनाच्या गर्दीत दुकानात हात लागतो. आमचं पेढे-बासुंदीचं छोटं दुकान आहे. २०१९ आणि २०२१ च्या पुरात फ्रीज दोन्ही वेळा गेला. पहिल्या पुरानंतर विम्याची पॉलिसी पहिल्यांदा उघडून वाचली. तिच्यातलं एक वाक्य समजेना आणि समजावून सांगणाऱ्यालाही समजेना. कायद्याकडं वळण्याचं खरं कारण विचाराल तर ते वाक्य.

साडेचार

अभ्यास. माळ्यावरच्या खोलीत, नदीकडची खिडकी बंद करून.

लोकांना वाटतं मी एलएल.बी. करतोय. तीन वर्षांची एलएल.बी. कुठल्याही शाखेच्या पदवीधराला करता येते, सीईटी मराठीतूनही देता येते. पण बार कौन्सिलच्या २००८ च्या नियमांप्रमाणं प्रत्येक विषयाला सत्तर टक्के हजेरी लागते आणि घरबसल्या एलएल.बी. चालत नाही. फिरती पाळी असलेल्या माणसानं ही हजेरी कुठून आणायची? एलएल.एम.ला आधी एलएल.बी. लागते. मान्यता न घेता चालवलेल्या ऑनलाइन एलएल.एम.वर बार कौन्सिलनं २०२५ मध्ये कडक शब्दांत ताशेरे ओढले, तेव्हा जाहिराती बघून तिकडं धावणाऱ्यांनी आधी ते वाचावं.

मी घेतली आहे ती बंगळुरूच्या नॅशनल लॉ स्कूलची मास्टर ऑफ बिझनेस लॉज. दोन वर्षांची, दुरून करता येणारी, कुठल्याही पदवीधराला खुली. हिच्या जोरावर काळा कोट घालता येत नाही. १९६१ च्या ॲडव्होकेट्स ॲक्टप्रमाणं सनदेसाठी कायद्याची रीतसर पदवीच हवी. प्रवेश घेण्याआधी हे कागदावर लिहून घरच्यांना दाखवलं होतं. बायकोनं एकच विचारलं, "मग पगार वाढणार का?" बहुतेक नाही. ती म्हणाली, फी भरा, पण हंगाम संपल्यावर बाथरूमच्या फरश्या.

फुकट गेलेली वर्षं कुठली आणि मुरलेली कुठली, हे अशा अभ्यासात कळतं. करार कायद्याचा पेपर मला सोपा गेला, कंपनी कायद्यानं घाम फोडला. सहकारी कारखान्यात आयुष्य गेलं, भागधारक म्हणजे सभासद आणि सभा म्हणजे सप्टेंबरातला गोंधळ, एवढंच डोक्यात. तेच घटवावं लागतं.

सहा वाजता

दुकानात शेजारचे अण्णा. ऊस दुसऱ्या तालुक्यातल्या कारखान्याला घालतात.

"काय रं, वकील झालास का न्हाई?"

"वकील न्हाई अण्णा. कायदा शिकतोय."

"मग आमचं बिल कधी द्यायला पायजे सांग. स्लिपबॉय म्हणतोय पंधरवडा धरा."

मी सांगितलं: १९६६ चा ऊस नियंत्रण आदेश, कलम तीन, पोटकलम तीन. ऊस कारखान्याला पोचल्याच्या तारखेपासून चौदा दिवस. पंधरवड्याच्या यादीपासून नाही, काट्यावरच्या पावतीपासून. त्यापुढं वर्षाला पंधरा टक्के व्याज. तक्रार पुण्याला साखर आयुक्तांकडं. आणि हप्त्यांचं म्हणाल तर एफआरपीचे दोन तुकडे करणारा राज्य सरकारचा २०२२ चा निर्णय उच्च न्यायालयानं मार्च २०२५ मध्ये रद्द केला; शेतकरी नेते राजू शेट्टींनीच तो खटला लढवला होता, हे अण्णांना माझ्यापेक्षा चांगलं ठाऊक.

"आता कोर्टबी कोल्हापुरात आलंय," अण्णा म्हणाले. १८ ऑगस्ट २०२५ पासून सर्किट बेंच सुरू झालं ते. त्याआधीच्याच महिन्यात नांदणी मठाची महादेवी हत्तीण न्यायालयाच्या आदेशानं जामनगरला गेली आणि अख्खा तालुका निकालपत्रं वाचायला लागला. तरी व्याजाचा अर्ज कराल का, असं विचारलं तर अण्णा हसले. "पुढच्या साली ऊस तिथंच घालायचाय की रं." या उत्तराला पोटकलम नाही. आणि अर्ज लिहून द्या म्हणाले असते तर मीही अडखळलो असतो. माझाही पगार एका कारखान्यातूनच येतो. पाव किलो पेढे घेऊन ते पालखीला गेले.

आठ वाजता

आमच्या चौघांचा अभ्यासगट फोनवर भरतो. पुण्याचे एक कंपनी सेक्रेटरी (सीएस), नागपूरचा इलेक्ट्रिकल इंजिनिअर, लातूरच्या खासगी रुग्णालयातल्या एक सिस्टर, आणि मी. चौघांच्या चार पदव्या, त्यामुळं एकच कलम चार ठिकाणी अडतं. आज विषय सिस्टरांचा: नोकरी मुदतीआधी सोडली तर भरायच्या बाँडची रक्कम. सीएसनी विजया बँकेचा मे २०२५ चा निकाल काढला. तीन वर्षं पुरी होण्याआधी नोकरी सोडली तर दोन लाख भरण्याची अट सर्वोच्च न्यायालयानं योग्य ठरवली.

"ती सरकारी बँक होती," सिस्टर म्हणाल्या. "जाहिरात, परीक्षा, मुलाखती, पुन्हा भरती, हा खर्च त्यांनी दाखवला. माझ्या भरतीला काय लागलं? एक फोन."

इंजिनिअर म्हणाला, सही केलीत ना? मी म्हटलं, कलम ७४ बघा, करारात लिहिलेली रक्कम ही वरची मर्यादा. न्यायालय देणार ते वाजवी, त्याच्या आतलं. सिस्टरांनी ते आधीच वाचलं होतं. त्यांचा प्रश्न पुढचा होता: रुग्णालयानं मूळ प्रमाणपत्रं अडकवून ठेवली असतील तर कलम वाचून उपयोग काय? सीएसना उत्तर सुचलं नाही, मलाही नाही. शेवटी ठरलं ते असं: सिस्टरांनी बाँडचा फोटो गटावर टाकायचा, इंजिनिअरनं उच्च न्यायालयांचे निकाल शोधायचे, आणि नोटिशीचा मसुदा रविवारपर्यंत मी लिहायचा. मराठीतून, म्हणाल्या, आमच्या मॅनेजरला इंग्रजीची नोटीस फाईलला लावायची सवय आहे.