धार लावताना पाणी उतरू नये म्हणून



तुमच्या देणगीतून धडगाव तालुक्यातल्या आमच्या कार्यशाळेत एक छोटा बेल्ट ग्राइंडर आला. त्याचं पुढे काय झालं, ते आज सांगतो. सुरुवात माझ्याच चुकीपासून करतो.

हे टेबलावर बसणारं मशीन. 25 मि.मी. रुंद आणि 762 मि.मी. लांब असा खरखरीत पट्टा चाकांवरून, आपल्या समोर वरून खाली धावतो. खालचं चाक 100 मि.मी. व्यासाचं, मोटर मिनिटाला 2800 फेऱ्यांची. म्हणजे पट्टा मिनिटाला सुमारे 880 मीटर पळतो. लोखंड तापायला एवढा वेग पुरेसा होतो.

गेल्या वर्षी ज्वारीच्या कापणीआधी पाड्यावरच्या एक मावशी विळा घेऊन आल्या. मी घाईत दाबून घासला. धार क्षणात निळी पडली. पोलाद निळं पडलं म्हणजे ते सुमारे 300 अंशांपर्यंत तापलं आणि लोहारानं दिलेलं पाणी उतरलं. आठ दिवसांत मावशी परत आल्या. धार दुमडली होती. "भाऊ, दगडावरच बरं होतं," एवढंच त्या म्हणाल्या. ऐन कापणीतले त्यांचे दिवस मी वाया घालवले होते. लोहाराकडून विळ्याला पुन्हा पाणी देऊन आणलं आणि मग आम्ही मशीनला जोड द्यायला बसलो.

पहिली जोड आधाराची. मूळ पत्रा हलायचा. त्याजागी 6 मि.मी. जाडीचा लोखंडी अँगल बोल्टनं आवळला. पट्टा आणि आधार यांत 2 मि.मी.पेक्षा जास्त फट ठेवत नाही, नाहीतर पातं आत ओढलं जातं.

दुसरी जोड कोनाची. सागाच्या तुकड्याची पाचर करून ती आधाराजवळ क्लॅम्पनं बसवली. चाकूला 20 अंश, कोयत्याला 25 ते 30. पाचर नसेल तर हिशेब सोपा आहे: 40 मि.मी. रुंद चाकूची पाठ पट्ट्यापासून 14 मि.मी. दूर धरली की 20 अंश होतात. धार नेहमी खाली, पाठ वर. उलट धरलं तर धार पट्ट्यात रुतते आणि पातं अंगावर उडतं.

तिसरी जोड विळ्यासाठी. सपाट पाठपट्टीवर विळ्याची आतली वळणं घासता येत नाहीत. पाठपट्टी काढून 15 मि.मी.च्या दांड्यावर 6202 नंबरची दोन बेअरिंगं शेजारी-शेजारी बसवली. एकेकाचा व्यास 35 मि.मी., रुंदी 11. दोन्ही मिळून 22, म्हणजे पट्ट्याला जवळजवळ पुरेशी. रबरी झाकणाची बेअरिंगं घेतली, म्हणजे लोखंडाचा कीस आत जात नाही. दातेरी विळ्याचे दात मात्र घासायचे नाहीत, फक्त मागची सपाट बाजू हलकेच.

चौथी जोड चामड्याच्या पट्ट्याची. घासल्यावर धारेवर बारीक बर राहते. चामड्याला हिरवा पॉलिश साबण लावून दोन्ही बाजूंनी एकेक हात फिरवला की ती निघून जाते.

आता शेजारी पाण्याची बादली असते. दोन हात फिरवले की पातं पाण्यात. पात्याची उष्णता बोटाला सोसेनाशी झाली की थांबायचं. हातमोजे घालायचे नाहीत, ते पट्ट्यात अडकतात. चष्मा मात्र हवाच. लाकडी मुठी घासल्या तर भुसा आधी झाडायचा, कारण ठिणगीनं तो पेट घेतो. मोटरचा वेग कमी करायला पंख्याचा रेग्युलेटर लावू नका. अशी मोटर त्यानं तापून जळते.

या उन्हाळ्यात आमचूरसाठी कैऱ्या सोलणाऱ्या बायकांचे चाकू आमच्या मुलांनीच लावून दिले. बोथट चाकूला जोर द्यावा लागतो, तो घसरतो आणि बोट कापतं. धारदार चाकूनं हात कमी दुखतो.

त्या मावशीही आल्या होत्या. आधी एकच चाकू दिला. अंगठ्यानं धार पाहिली आणि मग पदराखालचा विळा पुढे केला.

तुमच्यापैकी कोणाच्या वर्कशॉपमध्ये चांगली जुनी बेअरिंगं किंवा न वापरलेले पट्टे पडून असतील, तर आमची आठवण ठेवा.