मास्तर, संन्यासी, खासदार

ऑफिसला जाताना मी नारायणगुड्याला मेट्रो पकडतो, परेड ग्राउंडला गाडी बदलतो आणि मग बेगमपेट लागते. तिथे स्वामी रामानंद तीर्थांचे स्मारक आहे, हे मला बरीच वर्षे माहीतच नव्हते. परवा मुलीने विचारले, "बाबा, आपण मराठी, मग हैदराबादचे कसे?" उत्तर शोधताना स्वामीजी भेटले.

व्यंकटेश खेडगीकर हे त्यांचे मूळ नाव. जन्म १९०३ सालचा, विजापूर जिल्ह्यातील सिंदगीचा. निजामाच्या राज्यात शिक्षणावर उर्दूचा पगडा होता. अशा काळात ते हिप्परग्याच्या राष्ट्रीय शाळेत आणि पुढे अंबाजोगाईच्या शाळेत मुख्याध्यापक झाले. १९३२ मध्ये त्यांनी संन्यास घेतला, पण शिकवणे सोडले नाही. वर्ग सुटला तो १९३८ मध्ये. हैदराबाद स्टेट काँग्रेसवर स्थापनेआधीच बंदी आली, स्वामीजींनी सत्याग्रह केला आणि तुरुंगात गेले. बंदी उठल्यावर ते तिचे अध्यक्ष झाले. १५ ऑगस्ट १९४७ ला देश स्वतंत्र होत असताना त्यांना पुन्हा अटक झाली. शेवटची सुटका झाली १७ सप्टेंबर १९४८ ला, संस्थान मुक्त झाले त्या दिवशी.

पुढे १९५२ ला गुलबर्ग्याहून आणि १९५७ ला औरंगाबादहून ते लोकसभेवर गेले. मंत्रिपद मात्र कधी घेतले नाही.

मला सर्वांत मोठी वाटते ती वेगळीच गोष्ट. ज्या राज्यासाठी तुरुंग भोगला, त्याचेच भाषेप्रमाणे तीन भाग करा, असा त्यांचा आग्रह होता. लोकांचा कारभार लोकांच्या भाषेत चालावा, हा त्यामागचा विचार. त्यांच्यातला मास्तर इथे दिसतो. १९५६ मध्ये तसे झाले. मराठवाड्याचे पाच जिल्हे मुंबई राज्यात गेले. आमचे पणजोबा नोकरीमुळे बरकतपुऱ्यातच राहिले. बीडचे घर दुसऱ्या राज्यात गेले.

स्वामीजीही हैदराबादलाच राहिले आणि २२ जानेवारी १९७२ ला इथेच गेले. नांदेडच्या विद्यापीठाला आज त्यांचे नाव आहे.

मुलीला हे सगळे सांगितले. ती म्हणाली, "म्हणजे आपण कुठून आलो नाही, सीमाच सरकली!"

निम्मे खरे आहे. पणजोबा आले होतेच. येत्या रविवारी तिला घेऊन बेगमपेटला उतरणार आहे.